झालर, लेस आणि बो: रॅम्पवरचा नाजूकपणा कपड्यात कसा उतरवायचा

रॅम्पवर पावलागणिक उसळणारी शिफॉनची झालर शिवून अंगावर घातली की पुष्कळदा नुसती लोंबते. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. कापड जड निवडलेलं असतं, चुण्यांचं प्रमाण नजरेच्या अंदाजाने घेतलेलं असतं, किंवा जिच्यावर झालर बसवली ती शिवण तिचं वजन पेलण्याइतकी भक्कम नसते. झालरी, बो, लेस, पारदर्शक थर, फुगा बाह्या हा सगळा रोमँटिक म्हणून ओळखला जाणारा प्रकार बाहेरून मऊ दिसतो, पण आतून काटेकोर बांधलेला असतो. ती बांधणी जमली की बाकीचं सोपं आहे. शिवणयंत्र स्वतः चालवणाऱ्यांना पुढची मापं थेट वापरता येतील. शिंप्याकडून शिवून घेणाऱ्यांना किंवा तयार कपडा घेणाऱ्यांना काय मागायचं आणि काय उलटून तपासायचं, ते याच मापांवरून कळेल.

रॅम्प पाहताना

वसंत-उन्हाळ्याचे संग्रह सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि शरद-हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवले जातात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस असा क्रम ठरलेला आहे. म्हणजे शोमध्ये दिसलेली गोष्ट दुकानात येण्याआधी चार-पाच महिने हातात असतात आणि एखादा कपडा नीट विचार करून शिवायला तेवढा वेळ भरपूर आहे. एकाच डिझायनरने दाखवलेली मोठी कॉलर हा त्या संग्रहाचा विषय झाला. तीच कॉलर दोन-तीन शहरांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच फॅशन घरांकडे (कंपन्यांकडे) दिसली, तर ती त्या हंगामाची लाट समजावी.

अलीकडची लाट समजून घ्यायला तीन नावं पुरेशी आहेत. शेमेना कमाली यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसला क्लोए या फॅशन घरासाठी पहिला संग्रह दाखवला. तलम शिफॉनच्या झालरी, केप आणि त्याखाली उंच बूट अशी त्याची मांडणी होती. गॅबी अघियों यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या या घराची सत्तरच्या दशकातली हलकी, वाहती शैली कमाली यांनी पुन्हा वर आणली. अलेस्सांद्रो मिकेले यांचा व्हॅलेंटिनोसाठीचा पहिला शो सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. त्यात लेस, झालरी, बो आणि ठिपके एकावर एक रचलेले होते. सिमोन रोशा लंडनमध्ये कितीतरी हंगाम ट्यूल (तलम जाळीचं कापड), मोती आणि रिबिनी घेऊन काम करत आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी जाँ पॉल गोतिए यांच्या घरासाठी पाहुण्या डिझायनर म्हणून कुतूर, म्हणजे मापानुसार हाताने शिवलेल्या उंची कपड्यांचा, संग्रह केला. हे तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहावेत. क्लोएची झालर खाली पडते, रोशांचा ट्यूल अंगापासून दूर उभा राहतो, मिकेले यांची लेस अंगाला चिकटून असते. ‘रोमँटिक काहीतरी शिवायचं आहे’ असं म्हणण्याआधी या तीनपैकी काय हवं आहे ते ठरवायला हवं, कारण कापड, बेत (कापण्याचा नमुना) आणि आतला आधार तिन्हींत वेगळा आहे.

फोटोपेक्षा चालत्या शोचा व्हिडिओ पाहा. फोटोत कापडाचा एकच क्षण गोठलेला असतो. व्हिडिओत पाऊल टेकल्यावर झालर जागेवर यायला किती वेळ घेते ते दिसतं, आणि त्यावरून वजनाचा अंदाज येतो. झटकन बसली तर कापड जड आहे, रेंगाळली तर हलकं. मग दोन प्रश्न विचारा: फुगवटा नेमका कुठून सुरू होतो आणि शरीराचा कोणता भाग सपाट ठेवला आहे? चांगल्या रोमँटिक पोशाखात एक जागा नेहमी शांत असते. क्रिस्तियाँ दियोर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ ला दाखवलेल्या संग्रहातलं प्रसिद्ध ‘बार’ जॅकेट आठवून पाहा. कंबर आवळलेली, खाली मोठ्या घेराचा स्कर्ट, आणि जॅकेटच्या कमरेखालच्या भागात आतून भर घातलेली. ती भर बाहेर दिसत नाही, पण कंबर बारीक दिसते ती तिच्यामुळेच.

कापड: वजन आणि ताठपणा

रेशमी कापड मॉमी या मापात विकलं जातं. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. शिफॉन ६ ते ८ मॉमीचं असतं, म्हणजे चौरस मीटरला २६ ते ३५ ग्रॅम. क्रेप द शीन १४ ते १६ मॉमी, म्हणजे ६० ते ७० ग्रॅम. ऑर्गॅन्झा ४ ते ६ मॉमीचा, शिफॉनहूनही हलका असू शकतो, तरीही तो उभा राहतो आणि शिफॉन पडतं. कारण ऑर्गॅन्झाच्या रेशमातला नैसर्गिक डिंक काढलेला नसतो, त्यामुळे धागा कडक राहतो. वजन आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदी करताना त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

दुकानात तपासायची पद्धत सोपी आहे. कापडाचं टोक चिमटीत धरून हातभर खाली सोडा. लगेच दांडीसारखं बारीक होऊन खाली आलं तर ते वाहत्या झालरीचं. शंकूसारखं पसरून राहिलं तर ते फुगा बाही, मोठा बो किंवा उभ्या कॉलरचं. मग त्याच टोकाला बोटांनी पाच-सहा चुण्या घाला आणि मूठ किती जाड झाली ते पाहा. चुण्यांची जाडी कंबरेच्या शिवणीत जाणार असते, आणि तिथे ती एका सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली तर कंबर कितीही बारीक असली तरी जाड दिसते.

उन्हाळी हंगामाला शिफॉन, ऑर्गॅन्झा, मऊ सुती लॉन, व्हॉइल. हिवाळ्याला तीच रचना मखमल, लोकरी क्रेप आणि गडद लेसमध्ये करतात, पण एक बदल करून: मखमलीला चुण्या कमी आणि घड्या जास्त. मखमल जाड असते आणि तिची लव चुण्यांत दबून चमकते.

चुण्यांची झालर

झालरीचा सगळा जीव प्रमाणात आहे. शिवणीची लांबी १ धरली तर झालरीची पट्टी किती लांब घ्यायची, ते प्रमाण. जाडसर सुती कापडाला दीडपट पुरते. लॉन, व्हॉइल आणि ऑर्गॅन्झाला दुप्पट. शिफॉनला अडीच ते तीनपट. शिफॉन दुप्पट घेतलं की झालर गरीब, विरळ दिसते. लॉन तीनपट घेतलं की ती झाडूसारखी ताठ उभी राहते.

समजा छातीवरच्या योकला (वेगळा कापून जोडलेल्या वरच्या भागाला) ९० सेंमीच्या शिवणीत शिफॉनची झालर लावायची आहे. अडीचपटीने २२५ सेंमी पट्टी लागेल. कापडाचा पन्हा ११० सेंमी असेल तर दोन पट्ट्या जोडून, माया (शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड) आणि टोकाची दुमड वजा जाता, सुमारे २१६ सेंमी मिळतात. प्रमाण २.४ झालं. तेवढ्यावर थांबा. ९ सेंमीसाठी तिसरी पट्टी कापून आणखी एक सांधा आणण्यात अर्थ नाही, कारण शिफॉनमध्ये प्रत्येक सांधा बाहेरून दिसतो.

पट्टी पन्ह्याच्या दिशेने, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत कापा. म्हणजे ताणा (कापडाचे लांबीचे धागे) झालरीत वरून खाली जातो आणि चुण्या सरळ पडतात. पट्टी लांबीच्या दिशेने कापली की सांधे वाचतात खरे, पण ताणा आडवा येतो आणि झालर बाहेर फेकल्यासारखी दिसते. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या कापलेल्या, पट्टीची झालर सगळ्यांत मऊ पडते आणि तिच्या कडा फारशा उसवत नाहीत. कापड मात्र जास्त लागतं आणि शिवताना ती ताणली जाते.

आता चुण्या घालणं. इथे घाई केली की काम दोनदा करावं लागतं.

१. झालरीची खालची कड आधी पूर्ण करा. चुण्या घातल्यावर ती कड सपाट मिळत नाही.

२. १.५ सेंमी माया धरून वरच्या कडेपासून ०.७, १.२ आणि १.८ सेंमीवर तीन समांतर टिपा मारा. टाका ४ मिमी, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, बॉबिनला वेगळ्या रंगाचा दोरा. ओढायचा तो बॉबिनचा दोरा.

३. शिवण आणि झालर दोन्हींचे चार समान भाग करून खुणा करा. दोन मीटरपेक्षा लांब झालरीला आठ भाग. ओढायचे दोरे प्रत्येकी ६०-७० सेंमीवर तोडून नवे सुरू करा. अखंड लांब दोरा अर्ध्या वाटेत तुटतो आणि सगळ्या चुण्या सुटतात.

४. खुणा जुळवून टाचण्या लावा, तिन्ही दोरे एकत्र ओढा, चुण्या सुईच्या टोकाने सरळ करत सारख्या वाटून घ्या.

५. झालर वरच्या बाजूला ठेवून १.५ सेंमीवर शिवा, म्हणजे टीप १.२ आणि १.८ च्या मधून जाईल. त्यानंतर १.८ ची टीप उसवून काढा.

एकाच टिपेवर चुण्या घातल्या तर त्या दोऱ्याभोवती गोल फिरतात आणि शिवणीत आडव्या अडकतात. दोन टिपांच्या मध्ये पकडलेली चुणी उभीच राहते. एक अपवाद: साटीन आणि टॅफेटात सुईची भोकं मिटत नाहीत. तिथे तिसरी टीपही मायेच्या आतच घ्या, १.३ सेंमीवर.

शिवणीला आधार द्यायला विसरू नका. ५-६ मिमी रुंदीची सुती फीत किंवा ऑर्गॅन्झाची काठाची पट्टी शिवणीत धरून शिवली की झालरीच्या वजनाने ती शिवण लांबत नाही. तयार कपडा घेताना उलटून हेच पाहा. झालरीच्या शिवणीत फीत आहे का? नसेल तर काही धुण्यांनंतर गळा किंवा योक खाली उतरेल. इस्त्री फक्त मायेवर, टोकाने, योकच्या दिशेने. झालरीवर सपाट इस्त्री फिरवली की चुण्यांच्या कायमच्या घड्या होतात.

थरांचा स्कर्ट शिवताना प्रमाण प्रत्येक थराला वाढत जातं, म्हणून आकडेमोड आधी करा. कंबर ७२ सेंमी असेल आणि प्रत्येक थर दीडपट घेतला तर घेर १०८, १६२, २४३ सेंमी असा वाढतो. दुप्पट घेतला तर १४४, २८८, ५७६. पावणेसहा मीटरचा खालचा थर वरच्या दोन थरांना खाली ओढतो आणि कमरेपाशी स्कर्ट चपटा होतो. तीन थरांना दीडपट योग्य. दुप्पट हवं असेल तर दोनच थर ठेवा. थरांची उंचीही सारखी नको. वरचा २०, मधला २६, खालचा ३४ सेंमी अशी वाढती ठेवली की स्कर्ट लांब आणि सडपातळ पडतो. पहिल्या थराचा घेर नितंबांच्या मापापेक्षा किमान ६-८ सेंमी जास्त आहे ना, तेही पाहून घ्या.

गोल कापलेली झालर

शिफॉनच्या ज्या झालरी पाण्यासारख्या वळणांनी पडतात आणि वरच्या शिवणीत एकही चुणी नसते, त्या गोल कापलेल्या असतात. आमच्या मते नव्याने शिकणाऱ्याने हीच झालर आधी करावी. शिवणीत जाडी येत नाही आणि परिणाम लगेच दिसतो.

अशी झालर म्हणजे मधोमध गोल भोक असलेली चकती. आतल्या वर्तुळाचा परीघ म्हणजे शिवणीची लांबी. तिला ६.२८ ने भागलं की त्रिज्या मिळते. ५० सेंमीच्या गळ्याला त्रिज्या ८ सेंमी. झालर १२ सेंमी रुंद हवी असेल तर बाहेरची त्रिज्या २० आणि बाहेरचा परीघ १२५.६ सेंमी. म्हणजे खालची कड वरच्यापेक्षा अडीचपट लांब झाली, आणि हीच जादा लांबी वळणं होऊन पडते.

आता २०० सेंमीची शिवण घ्या. एकच मोठं वर्तुळ कापलं तर आतली त्रिज्या ३१.८ सेंमी आणि बाहेरचा परीघ साधारण २७५ सेंमी. प्रमाण जेमतेम १.४, वळणं जवळपास नाहीत. त्याच शिवणीला ५० सेंमीची चार वर्तुळं जोडली तर खालची कड ५०२ सेंमी होते. लहान वर्तुळ म्हणजे जास्त वळणं. ‘झालर सपाटच पडली’ या तक्रारीमागे बहुधा एकच मोठं वर्तुळ असतं. दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर वर्तुळं दोन घ्या.

कापताना १ सेंमी माया आतल्या बाजूला धरायची असते, म्हणून कापायची त्रिज्या ८ नव्हे, ७ सेंमी. उलट केलं, म्हणजे ९ सेंमीने कापलं, तर भोक मोठं होतं आणि झालर वाया जाते. आतल्या कडेला ९ मिमीवर आधाराची टीप मारून दर सेंटिमीटरला ७ मिमी खोल कातर द्या, मगच ती सरळ शिवणीला उघडून लावता येते. कातर टिपेपर्यंत नेऊ नका, शिफॉन तिथून फाटत जातं.

गोल झालरीत काही भाग ताण्यावर, काही उरेब येतो. उरेब भाग स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून झालर जोडून झाल्यावर कपडा निदान २४ तास हँगरला लटकवून ठेवा, मग खालची कड मापपट्टीने सारखी करून कापा आणि नंतरच दुमड घाला. आधी दुमड घातलेली झालर दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी खाली उतरलेली दिसते. माडलेन व्हियोने यांनी १९२०-३० च्या दशकांत अख्खा पोशाख उरेब कापून अंगावर वाहता ठेवण्याची पद्धत प्रतिष्ठेला नेली. त्यांचं काम जवळून पाहिलं की उरेब कापडाला वेळ द्यावा लागतो हे पटतं.

कडेसाठी पिको (कडेवर यंत्राने घातलेला दाट टाका) सर्वांत जलद, मात्र त्याने कड किंचित कडक होते आणि वळणं उठून दिसतात. ऑर्गॅन्झाला ते शोभतं. शिफॉनला अरुंद दुमड चांगली. कडेपासून ६ मिमीवर टीप, त्या टिपेवर दुमडून पुन्हा कडेलगत टीप, उरलेलं कापड २ मिमीपर्यंत कातरून टाका, परत एक दुमड आणि शेवटची टीप. तयार रुंदी ३ मिमी. एक सेंटिमीटर रुंद दुमड गोल झालरीला घालूच नका. आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या लांबीत फरक असल्यामुळे ती पिळवटते.

तलम कापड यंत्रावर

६० किंवा ६५ नंबरची नवी, टोकदार सुई. टाका १.८ ते २ मिमी. कापड दाबून धरणाऱ्या यंत्राच्या पायाचा दाब कमी. शिवण सुरू करताना कापड दातात ओढलं जात असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवा आणि शिवून झाल्यावर फाडून काढा. बेतताना कापड कागदावर पसरून, कागदासकट कापलं की ते सरकत नाही. बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने घाला: उलट बाजू आत ठेवून ६ मिमीवर टीप, माया ३ मिमीपर्यंत कातरा, उलटवा, पुन्हा ६ मिमीवर टीप. एकूण माया १२ मिमी. पहिली माया नीट कातरली नाही तर धाग्यांची मिशी शिवणीबाहेर डोकावते, आणि पारदर्शक कापडात ती लगेच नजरेत येते.

बो

बो दोन प्रकारचे: गळ्याशी बांधायचा आणि कपड्यावर बसवलेला.

गळ्याच्या बोसाठी पट्टी उरेब कापली तर गाठ मऊ, गोल बसते. सरळ कापली तर ताठ, टोकदार. क्रेप द शीनला उरेब कापणं उत्तम. गळा ४० सेंमी, दोन्ही शेपट्या ५५-५५ सेंमी धरल्या तर एकूण लांबी १५० सेंमी. तयार रुंदी ७ हवी असेल तर कापायची रुंदी १६, म्हणजे दुपटीचे १४ आणि माया २. सांधा मागच्या मध्यावर घ्या.

ज्या चुकीमुळे बहुतेक गळ्याचे बो बिघडतात ती ही: पट्टी पुढच्या मध्यापर्यंत पूर्ण शिवली जाते. गाठीला जागा हवी. दोन्ही बाजूंना मध्याच्या ३ सेंमी अलीकडे शिवण थांबवा. नाहीतर गाठ गळ्यावर चढून बसते आणि पुढचा भाग वर ओढला जातो. कॅनव्हास किंवा ऑर्गॅन्झाचा आधार फक्त गळ्याला शिवलेल्या ३४ सेंमीत घाला. शेपट्यांतही घातला की बो पुठ्ठ्यासारखा होतो. कुठेच घातला नाही की गळा मागे कोसळतो.

पाठीवरचा मोठा बो बांधलेला नसतो, तयार करून लावलेला असतो. पाकळ्या, गाठ आणि शेपट्या असे तीन वेगळे भाग. २८ सेंमी रुंद आणि १४ सेंमी उंच बोला पाकळ्यांसाठी ५८ बाय ३० सेंमी कापड, आत त्याच मापाचा ऑर्गॅन्झा. पाकळ्यांच्या मध्यभागी तीन उभ्या चुण्या घालून हाताने घट्ट शिवा आणि वरून गाठीची पट्टी फिरवा. पाकळ्या बसल्याच तर आत ट्यूलचा एक चुरगाळलेला तुकडा सरकवा. मागच्या मध्यावर झिप असेल तर बोची एक बाजू शिवून टाका आणि दुसरी चाप बटणाने लावा. वजन मात्र कंबरेच्या आतल्या पट्टीवर यायला हवं. नुसत्या वरच्या कापडावर लावलेला बो तासाभरात खाली झुकतो आणि कापड ओढून धरतो. तो काढता येणारा असेल तर धुताना आणि प्रवासात फार सोय होते.

लेस

शांतीयी लेस तलम षट्कोनी जाळीवर असते, झालरी आणि वरच्या थराला योग्य. गिप्यूरला जाळी नसते, नक्षी एकमेकींना जाड दुव्यांनी जोडलेली असते. ती स्वतःचा आकार धरते आणि कॉलरला छान. आलाँसोंच्या नक्षीला जाड दोऱ्याची कड असते. व्हालांसिएन ही अरुंद पट्टी, कापडात बसवायला. यंत्रावरच्या उत्तम लेसचं मूळ जॉन लेव्हर्स यांनी १८१३ मध्ये नॉटिंगहॅममध्ये केलेल्या यंत्रात आहे. उत्तर फ्रान्समधल्या कॅले आणि कोद्री इथे त्या प्रकारच्या यंत्रांवर आजही लेस विणली जाते.

कापडात लेसची पट्टी बसवायची रीत अशी. सुती लेस आधी कोमट पाण्यात भिजवून वाळवून घ्या. ती कापडापेक्षा जास्त आटते आणि न आटवता बसवली तर पहिल्या धुण्यानंतर कपडा त्या रेषेत गोळा होतो. पट्टी कापडाच्या सुलट बाजूवर ठेवून दोन्ही कडा टीप मारून शिवा. मग उलट बाजूने लेसमागचं कापड मधोमध कातरा, दोन्ही भाग बाहेर दुमडून इस्त्री करा, आणि सुलट बाजूने लेसच्या कडेवर दीड मिमी रुंद, एक मिमी लांब झिगझॅग घाला. उरलेली माया झिगझॅगलगत कातरून टाका. कातरताना लेस कापली जाण्याची भीती असते. मध्ये एक पातळ पुठ्ठा सरकवला की ती राहत नाही.

लेसच्या पूर्ण कपड्यात बाजूची शिवण साधी घातली की नक्षी मधूनच तुटते. तिथे एका भागाची नक्षी दुसऱ्यावर चढवून, फुलापानांच्या कडेने झिगझॅग मारतात आणि खालची जादा जाळी कातरतात. काम वेळखाऊ आहे, पण लेसच्या महाग कपड्याचा पैसा याच शिवणीत असतो. विकत घेताना पहिल्यांदा बाजूची शिवण पाहा, मग लेस.

पारदर्शक थराखाली

तलम कापड अंगावर सुंदर दिसावं असं वाटत असेल तर अस्तराचा रंग वरच्या कापडाशी नव्हे, स्वतःच्या त्वचेशी जुळवा. पांढऱ्या शिफॉनखाली पांढरं अस्तर घातलं की शिफॉन मरतं. दोन्ही मिळून साधं जाड कापड दिसतं. त्वचेच्या रंगाचं अस्तर दिसेनासं होतं आणि वरच्या थराची खोली टिकते. गडद शिफॉनखाली एक छटा हलकं अस्तर घेऊन पाहा.

अस्तर वेगळ्या स्लिपसारखं शिवा आणि वरच्या थराला फक्त खांद्यावर किंवा कंबरेला जोडा. खालच्या कडेला जोडलं की दोन कापडं वेगवेगळी लांबतात आणि कपडा फुग्यासारखा अडकतो. अस्तर उरेब असेल तर चालताना वरच्या थराबरोबर हलतं. ते किती लांब असावं हा पसंतीचा प्रश्न आहे. फक्त गुडघ्याच्या बरोबर मध्यावर थांबवू नका, पाय तिथे तुटल्यासारखा दिसतो.

फुगा बाही

बाहीचा फुगवटा दोन जागी मिळतो, वर आणि खाली. साध्या बाहीचा कागदी बेत उभा चिरून एकूण ८ ते १२ सेंमी उघडा आणि गोलाईची उंची ३ ते ५ सेंमीने वाढवा. नुसती रुंदी वाढवली तर बाही बाजूला पसरते, वर उठत नाही, आणि दंड जाड दिसतो. मुंढ्याच्या वरच्या भागात, आतून, ऑर्गॅन्झाच्या चुण्या घातलेली २० सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद पट्टी शिवली की फुगा दिवसभर उभा राहतो. खांद्याची शिवण मात्र एक सेंटिमीटर आत घ्या, कारण फुगा खांद्याची रुंदी वाढवतो.

खालच्या फुग्यासाठी आत एक घट्ट अस्तरबाही लागते. तिची लांबी नेमकी ठेवा आणि बाहेरची ४ सेंमी जास्त. दोन्ही खाली एकाच पट्टीत शिवल्या की बाहेरची बाही अडून फुगते. अस्तराशिवाय तीच बाही मनगटावर घसरून हाताला गुंडाळली जाते.

सगळं एकत्र घालताना

घेर, चमक आणि पारदर्शकता यांपैकी एका पोशाखात एकच गोष्ट पुढे असू द्या. मोठी झालर असेल तर रंग शांत, लेस असेल तर बेत सरळ. मिकेले सगळं एकत्र करतात आणि ते जमतं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक कपड्याची कंबर आणि खांदा अचूक बसलेला असतो. मऊ पोशाखाखाली भक्कम पादत्राण घालण्याचीही रीत रॅम्पवर रुळली आहे: क्लोएत उंच बूट, कोपनहेगनच्या सेसिली बानसेन यांच्या फुगीर झग्यांखाली धावायचे बूट. खालचं वजन वरच्या हलकेपणाला तोलतं. शिफॉनचा ब्लाउज आणि साधी सरळ पँट हा यातला सर्वांत वापरता येण्याजोगा जोड आहे. झालर गळ्याला असेल तर कानातलं लहान आणि केस वर घ्या, गळ्यात काही नको.

झालरीची रुंदी अंगकाठीपेक्षा जागेवरून ठरवा. गळ्याला ५ ते ८ सेंमी, बाहीच्या टोकाला १० ते १५, खालच्या कडेला २० च्या पुढे. छातीच्या सर्वांत भरलेल्या रेषेवर झालरीची खालची कड आणू नका. दोन सेंटिमीटर वर किंवा चार सेंटिमीटर खाली घेतली की तोच ब्लाउज हलका दिसतो.

धुणं आणि ठेवणं

रेशमी शिफॉन थंड पाण्यात, सौम्य द्रावणात दोन-तीन मिनिटं हलवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या. वाळल्यावर कपडा उलटा टांगून १५ सेंमीवरून वाफ द्या. झालर हाताने हलवत राहिलं की चुण्या स्वतः उघडतात. गोल झालरीचा किंवा थरांचा कपडा कायम हँगरला ठेवू नका. तो पहिले २४ तास टांगला तो लांबायचं तेवढं लांबून घ्यावं म्हणून. त्यानंतर घडी घालून, घड्यांत मऊ कागद ठेवून आडवा ठेवा. मोठा बो काढून वेगळ्या डब्यात, पाकळ्यांत कागदाचे गोळे भरून. लेसजवळ उघडे हुक किंवा झिप येणार नाही असं पाहा, एक हुक अडकला तर जाळीचा अख्खा पदर निघतो.